सातासमुद्रापार, पण नंबर आपला

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी अमेरिकेला निघालेलं घर लांबूनसुद्धा ओळखू येतं. पंधरा दिवस आधीपासून वजनकाटा दिवाणखान्यात येऊन बसलेला असतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, नातवासाठी चांदीचा वाळा, सहा महिन्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हे सगळं यादीत टिकमार्क होऊन बॅगेत जातं. विमा काढून होतो, शेजाऱ्यांकडे किल्ली देऊन होते, तुळशीला पाणी कोण घालणार हेही ठरतं. एकच गोष्ट यादीत नसते, ती म्हणजे फोन. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "त्याचं काय एवढं? तिथे गेल्यावर मुलगा बघेल!"

आणि मुलगा बघतोही. विमानतळावरून घरी आल्याबरोबर तो बाबांच्या फोनला घरातलं वायफाय जोडून देतो. व्हॉट्सॲप सुरू होतं, पुण्यातल्या बहिणीला पोहोचल्याचं कळवलं जातं, सोसायटीच्या ग्रुपवर बर्फाचे फोटो जातात. सगळ्यांना वाटतं, झालं काम! पण ते झालेलं नसतं. कारण तो फोन घराच्या चार भिंतींत बोलतो आणि उंबरठा ओलांडला की मुका होतो. ज्या क्षणी त्याची खरी गरज पडणार, नेमक्या त्याच क्षणी तो नुसता कॅमेरा उरतो.

अमेरिकेतल्या उपनगरांत राहून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी आठ-साडेआठला घर रिकामं होतं. मागे राहतात ती दोघं आणि शांतता. रस्त्यावर माणूस दिसत नाही, पानाची टपरी नाही की पत्ता विचारायला रिक्षावाला नाही. घरं इतकी एकसारखी की दोन वळणं चुकली की आपलं कोणतं हे कळेनासं होतं. साठी-सत्तरीतली बाई फिरायला बाहेर पडली, वाट चुकली आणि हातातल्या फोनला नेटवर्क नाही, हा प्रसंग कल्पनेतला नाही. एकदा असं झालं की पुढे काय होतं? ती बाई फिरायला जाणंच बंद करते. कुणी तिला बंदी घातलेली नसते, पण भीती घालते. मग सहा महिन्यांचा मुक्काम खिडकीतून दिसणाऱ्या गवताकडे बघण्यात जातो. परत आल्यावर ती सगळ्यांना सांगते, "देश छान आहे हो, पण आपल्याला नाही करमत." न करमण्याची कारणं अनेक असतील, पण त्यातलं एक कारण वीस डॉलरात मिटण्यासारखं असतं.

म्हणून आज या सिमकार्डाबद्दल जरा सविस्तर बोलू या.

नखाएवढ्या या तुकड्याचं वय फार नाही. पहिली सिमकार्डं १९९१ साली जर्मनीतल्या म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरियंट या कंपनीने बनवली आणि त्यातली पहिली तीनशे फिनलंडमधल्या एका कंपनीने घेतली. आपल्याकडे मोबाइलवरचं पहिलं संभाषण झालं ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला होता. तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडायचे! इनकमिंग फुकट झालं ते २००३ साली. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या पिढीने ट्रंक कॉल बुक करून तासन् तास वाट पाहिली, पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये मीटरकडे डोळे लावून बोलणं आवरतं घेतलं आणि मग पन्नाशीच्या आसपास मोबाइल हातात घेतला. ही पिढी फोनला घाबरत नाही. ती घाबरते खर्चाला, आणि मुलांना त्रास होईल या विचाराला. हे मुलांनीही लक्षात ठेवावं.

आता अमेरिकेचा प्रश्न. पहिली शंका सगळ्यांची एकच असते, "आम्ही तर पाहुणे. तिथला सोशल सिक्युरिटी नंबर नाही, बँकेत खातं नाही. आम्हाला कोण सिम देणार?" उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. आपल्याकडे सिमसाठी आधार, फोटो आणि बोटांचे ठसे देऊन आपण इतके सरावलोय, की कागदपत्रांशिवाय सिम मिळू शकतं यावर विश्वास बसत नाही. पण अमेरिकेत प्रीपेड सिमसाठी ओळखपत्र दाखवण्याची कायद्याने सक्ती नाही. किराणा सामानाच्या मोठ्या दुकानातही ते टांगलेलं असतं. पैसे भरा, घरी आणा, सुरू करा. सोशल सिक्युरिटी नंबर लागतो तो पोस्टपेडला, म्हणजे महिनाअखेर बिल येणाऱ्या जोडणीला. कारण तिथे कंपनी तुम्हाला महिनाभराची उधारी देत असते आणि उधारी देण्याआधी तुमची पत तपासते. पाहुण्यांनी त्या वाटेला जायचंच कशाला?

तेव्हा मार्ग दोन. एक, मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये आणखी एक लाइन जोडून घेणं. हे सोपं आणि बऱ्याचदा स्वस्त. दुसरा, स्वतंत्र प्रीपेड घेणं. एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन या तिथल्या तीन मोठ्या कंपन्या. त्यांच्याच मनोऱ्यांवरून सेवा भाड्याने घेऊन विकणाऱ्या छोट्या कंपन्याही पुष्कळ आहेत आणि त्यांचे दर कमी असतात. थोडं बोलणं आणि थोडं इंटरनेट एवढीच गरज असेल, तर महिन्याला पंधरा-वीस डॉलरपासून काम भागतं. मात्र घेण्यापूर्वी एक गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा : या भागात कोणत्या कंपनीचं नेटवर्क चांगलं आहे? मुलाच्या ऑफिसात जे उत्तम चालतं ते घरामागच्या पायवाटेवर चालेलच असं नाही, आणि आईबाबा तर पायवाटेवर असणार!

दुसरी शंका फोनबद्दलची. "आमचा इथला फोन तिथे चालेल का?" इथे मात्र सावध राहायला हवं. २०२२ या एका वर्षात अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपली थ्रीजी सेवा बंद केली. आता तिथे बोलणंही फोरजी-फाइव्हजीवरूनच होतं. त्यासाठी फोनमध्ये व्होल्टीची सोय हवी आणि ती त्या कंपनीच्या नेटवर्कशी जुळणारी हवी. त्यामुळे इथे झकास चालणारा फोन तिथे इंटरनेट दाखवतो, पण कॉल लागत नाही, असं होऊ शकतं. यावर उपाय साधा आहे. फोनवर तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश अशी बटणं दाबली की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो मुलाला आधीच कळवा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की फोन तिथे चालेल की नाही हे कळतं. निघायच्या महिनाभर आधी कळलं तर काही करता येतं. नेवार्कच्या विमानतळावर उतरल्यावर कळून काय उपयोग?

याच बाबतीतली आणखी एक गंमत सांगतो. गंमत कसली, डोकेदुखीच. आई-वडील आले या आनंदात मुलगा वडिलांना नवा कोरा आयफोन घेऊन देतो. वडील हरखून जातात. पण सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमकार्डाचा खणच नसतो. त्यात फक्त ई-सिम चालतं, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्ये उतरवलं जाणारं सिम. मग वडिलांचं भारतातलं कार्ड जातं टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, आणि चार दिवसांनी बँकेचा ओटीपी येईना म्हणून घरात गोंधळ उडतो. भेट जरूर स्वीकारा, पण जुना फोन चार्ज करून जवळ ठेवा. आणि मुलाचाच जुना फोन वापरणार असाल, तर तो एखाद्या कंपनीला 'लॉक' केलेला नाही ना, एवढं विचारून घ्या.

सगळे अमेरिकेलाच जातात असं नाही. कुणाची लेक जर्मनीत, कुणाचा मुलगा सिडनीत, कुणाचा दुबईत. आणि प्रत्येक देशाची तऱ्हा निराळी. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिमला नोंदणीची सक्ती नाही, सुपरमार्केटमध्ये घ्या आणि वापरा. जर्मनीत मात्र १ जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमसुद्धा ओळख पटवल्याशिवाय सुरू होत नाही. पासपोर्ट घेऊन कॅमेऱ्यासमोर बसायचं किंवा पोस्टात जाऊन तो दाखवायचा. तेव्हा मुलीला वेळ असेल तो दिवस आधीच राखून ठेवा. ऑस्ट्रेलियातही ओळखपत्र लागतं आणि पाहुण्यांना पासपोर्ट चालतो. तिथे २०२४ अखेर थ्रीजी बंद झालं. ज्या फोनवरून त्यांच्या आणीबाणीच्या ट्रिपल झिरो क्रमांकाला कॉल लागू शकत नाही, ते फोन नेटवर्कवर चालू देऊ नयेत असा नियमच तिथे आहे. जपानमध्ये पाहुण्यांना बहुधा इंटरनेटपुरतं सिम मिळतं, बोलण्याचं सिम तिथल्या निवासपत्राशिवाय मिळणं कठीण. आणि दुबई-अबुधाबीत सिम पासपोर्टवर सहज मिळतं, पण व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाहीत. निरोप जातात, फोटो जातात, बोलणं मात्र होत नाही. हे माहीत नसलेले आजोबा फोन बिघडला समजून तो तीनतीनदा बंद-चालू करत बसतात!

आता जगाकडे जरा उलट्या बाजूनेही पाहू. निवृत्तीनंतर परक्या देशात जाऊन राहणं ही काही आपलीच गोष्ट नाही. युरोप-अमेरिकेतले कित्येक निवृत्त लोक थायलंडला जाऊन राहतात. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तिथे खास व्हिसाही आहे. पण सिम हवं तर त्यांनाही पासपोर्ट घेऊन रांगेत उभं राहावं लागतं आणि डिसेंबर २०१७ पासून चेहऱ्याची किंवा बोटांची पडताळणीही होते. फिलिपिन्सने २०२२ साली कायदा करून प्रत्येक सिमची नोंदणी सक्तीची केली. पर्यटकाला मिळणारं सिम तीस दिवसांचं, व्हिसा वाढला तर सिमची मुदत वाढते. आणि आपल्याकडे? तीस-पस्तीस वर्षं अमेरिकेत काढून, तिथलं नागरिकत्व घेऊन, म्हातारपणी पुण्याला किंवा नाशिकला मुक्कामाला येणारे आपलेच मराठी लोक आहेत. जन्म सदाशिव पेठेतला, बोली अस्सल पुणेरी, पण सिमच्या काउंटरवर ते 'परदेशी नागरिक' ठरतात. शेजारच्या मुलाला आधारवर पाच मिनिटांत सिम मिळतं आणि यांच्याकडे पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड, इथला पत्ता असं सगळं मागितलं जातं. जी अडचण परदेशात आपल्या वाट्याला येते, तीच इथे परदेशी माणसाच्या वाट्याला येते. अशी व्यक्ती तुमच्या इमारतीत आली असेल, तर एकदा दुकानापर्यंत सोबत जा. पुण्य लागेल!

आता येतो या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. तो तिथल्या नंबरबद्दल नाही, इथल्या नंबरबद्दल आहे.

पूर्वी परदेशी जाताना घराला कुलूप लावलं की काम संपायचं. आता आपलं अर्धं घर मोबाइल नंबरात असतं. बँक, पेन्शन, आधार, म्युच्युअल फंड, वीजबिल, गॅस, सगळ्यांची किल्ली म्हणजे त्या नंबरवर येणारा ओटीपी. नंबर गेला की किल्ली गेली. आणि तो जाऊ शकतो! प्रीपेड नंबर सलग ९० दिवस अजिबात वापरला नाही, तर कंपनीला तो बंद करता येतो. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी तीस दिवसांची मुदत मिळते. बंद झालेला नंबर पुढे किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे सहा-सात महिन्यांनी परत आल्यावर तुमचा वीस वर्षांचा नंबर सोलापूरच्या एखाद्या अनोळखी तरुणाच्या खिशात वाजत असेल, आणि तुमच्या बँकेचे निरोप त्याला जात असतील. त्या बिचाऱ्याचा त्यात काही दोष नाही!

तेव्हा निघण्यापूर्वी चार कामं करा. पहिलं, लांब मुदतीचं रिचार्ज करून टाका. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून इंटरनेट नको असणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी ही सोय अगदी मापाची आहे. दुसरं, कंपनीला सांगून आंतरराष्ट्रीय रोमिंग इथे असतानाच सुरू करून घ्या आणि एसएमएस येण्याला पैसे पडतात का ते विचारा. बहुधा पडत नाहीत. पण आलेला कॉल उचलला तर पडतात, तेही भरपूर. म्हणून तिथे भारतीय नंबरवर फोन वाजला तर तो कापा आणि व्हॉट्सॲपवरून उलट फोन करा. तिसरं, भारतीय सिमचं 'डेटा रोमिंग' बंद ठेवा, नाहीतर फोन आपोआप इंटरनेट ओढत राहतो आणि बिल बघून घाम फुटतो. चौथं, कार्ड बदलून ई-सिम घ्यायचं असेल तर ते काम आठ-पंधरा दिवस आधी उरका. सिम बदललं की सुरक्षेसाठी पुढचे चोवीस तास त्यावर एसएमएस येणं-जाणं बंद राहतं. विमानाच्या आदल्या दिवशी हा उद्योग केलात तर ऐन वेळी ओटीपीविना अडकाल.

आजकालच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. तेव्हा इथलं सिम काढू नका, तिथलं त्याच्या शेजारी बसवा. व्हॉट्सॲप नवा नंबर दिसल्यावर 'नंबर बदलायचा का?' असं विचारेल. 'नाही' म्हणा. जुन्या नंबरवरच ते चालू राहतं आणि सगळे जुने लोक तुम्हाला तिथेच शोधणार असतात. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने असा आदेश काढला आहे की, असे निरोपांचे ॲप ज्या नंबरवर उघडलं ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय चालू नये. इथलं सिम फोनमध्येच ठेवण्याला हे आणखी एक कारण.

काही जण वेगळीच युक्ती काढतात. सिम इथे भाच्याकडे ठेवायचं आणि ओटीपी आला की त्याने फोन करून सांगायचा. भाचा लाखात एक असेल, पण ही युक्ती मोडीत काढा. सिम देणं म्हणजे तिजोरीची किल्ली देणं. उद्या काही गडबड झाली तर पैसे जातीलच, पण नातंही जाईल. भाच्यावर विश्वास आहे म्हणूनच त्याला या धर्मसंकटात टाकू नये.

पेन्शनवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. नोव्हेंबर महिना परदेशात जाणार असेल, तर हयातीच्या दाखल्याचा विचार आधीच करा. १० नोव्हेंबर २०१४ रोजी 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय सुरू झाली आणि २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. पण त्यातही मोबाइलवर ओटीपी येतोच. ज्यांना हे जमणार नाही, त्यांना आपल्या वकिलातीतून दाखला घेता येतो. सिम बंद पडलं म्हणून पेन्शन थांबली, अशी वेळ कुणावर येऊ नये.

तिथला नंबर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काही विचित्र फोन येतील. घाबरू नका. तो नंबर पूर्वी दुसऱ्या कुणाचा असू शकतो आणि त्याची उधारी वसूल करणारे लोक तुम्हाला फोन करत असतील. "राँग नंबर" म्हणा आणि ठेवून द्या. पण कुणी "इमिग्रेशनमधून बोलतोय, तुमचा व्हिसा रद्द होणार, पैसे भरा" असं म्हणालं तर तो शंभर टक्के भामटा समजा. गिफ्ट कार्डाचे आकडे मागितले तर एकशे एक टक्के! आपल्याकडे 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाने जो प्रकार चालतो, त्याचीच ही तिकडची भावंडं. कोणतंही सरकारी खातं फोनवर अटक करत नाही आणि गिफ्ट कार्डावर दंडही घेत नाही. भामट्याचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर असतो. आजोबा घरी एकटे आहेत आणि मुलाला ऑफिसात फोन करायला संकोचतील, हे त्याला माहीत असतं. म्हणून मुलांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, "मीटिंग असो की काही असो, असा फोन आला तर आधी मला फोन करा."

आणि आणीबाणीचा क्रमांक. अमेरिकेत ९११. हा नुसता सांगू नका, समजावून सांगा. पोलिस, आग, रुग्णवाहिका, तिन्हींसाठी एकच. सुरू नसलेल्या फोनवरूनही, अगदी सिम नसलेल्या फोनवरूनही, नेटवर्क असेल तर ९११ लागतो. पण अशा फोनवर त्यांना उलट फोन करता येत नाही. त्यामुळे चालू नंबर असण्याला पर्याय नाही. घरातल्या वायफायवरून कॉल करण्याची सोय चालू करताना फोन घराचा पत्ता मागतो. तो नीट भरा, कारण मदत त्याच पत्त्यावर येऊ शकते. इंग्रजीची धास्ती असेल तर चार वाक्यं पाठ करून ठेवा. नाव, पत्ता, काय झालं, वय किती. व्याकरण चुकलं तरी रुग्णवाहिका येते.

आता थोडं मुलांसाठी. आईबाबांना नंबर घेऊन देणं राहून जातं ते कंजूसपणामुळे नव्हे. कुठे जायचं असलं तर आपण असतोच, वायफाय आहेच, मग वेगळा नंबर कशाला, असा साधा हिशेब असतो. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते. ज्या माणसाने तीस वर्षं कचेरी सांभाळली, ज्या बाईने चार घरची लग्नं उरकली, त्यांना बाहेर पडताना दर वेळी "तू आहेस ना बरोबर?" असं विचारावं लागणं हे जड जातं. ते बोलून दाखवत नाहीत इतकंच. स्वतःचा नंबर असला की बागेत भेटलेल्या गुजराती आजोबांशी ओळख होते, नंबरांची देवाणघेवाण होते, मंगळवारी भेटायचं ठरतं. आईला महाराष्ट्र मंडळातल्या बायकांचे फोन येऊ लागतात. आणि तुमच्या मध्यस्थीशिवाय त्यांचं त्यांचं असं छोटंसं जग तिथे उभं राहतं. आईबाबा दोघं असतील तर नंबरही दोन घ्या. एकच फोन घेतला तर तो बाबांच्या खिशात राहतो आणि आई पुन्हा होती तिथेच!

दिल्यावर मात्र शिकवाही. शिकवताना फोन हातातून काढून घेऊन भराभर बटणं दाबू नका. फोन त्यांच्याच हातात राहू द्या आणि तुम्ही नुसतं सांगा. भारतात फोन लावताना नंबराआधी अधिक ९१ लावायचं, हे एकदा त्यांच्याकडून करून घ्या. इथे सकाळ असते तेव्हा तिथे रात्र असते, हेही त्यांना सांगावं लागत नाही, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तुम्ही गेलात त्या वर्षापासून ते भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ-साडेदहा तास वजा करतच जगताहेत.

आणि आईबाबांनो, शेवटी तुमच्यासाठी. नवा नंबर मिळाला की तो पाठ करा. फोनमध्ये आहे म्हणून भागत नाही, कारण फोनची बॅटरी संपते. मुलाचा नंबर, सुनेचा नंबर आणि घराचा पत्ता एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात इंग्रजीत लिहा. एक प्रत पर्समध्ये, एक कोटाच्या खिशात. पहिल्या दोन दिवसांत घरापासून थोडं दूर जाऊन मुलाला एक फोन लावून पाहा, लागतो की नाही याची खात्री करून घ्या. आणि मुलाने "कशाला हवाय वेगळा नंबर?" असं विचारलं तर संकोचू नका. स्वच्छ सांगा, "आम्हाला हवाय." पेन्शनमधले पंधराशे-दोन हजार रुपये दर महिन्याला त्यासाठी खर्ची पडले तरी पडू द्या. तेवढ्या पैशांत तिथे दोघांचं धड जेवणही होत नाही. पण सकाळी उठून दार ओढून घेऊन, कुणालाही न विचारता चार रस्ते फिरून येण्याची मोकळीक तेवढ्यात मिळते. यादीत भाजणीच्या वर, पहिल्या ओळीत लिहा : फोन.